शातो दिकेम: जे वर्ष जमलं नाही, ते विकायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात दोन एकर शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षाची बाग आहे. फेब्रुवारीतल्या अवकाळीनंतर घडांवर राखाडी बुरशी आली आणि वायनरीने माल परत पाठवला. नंतर वाचनात आलं की फ्रान्समधलं शातो दिकेम अशाच बुरशी लागलेल्या द्राक्षांपासून जगातली सगळ्यात मानाची गोड वाइन करतं. मग त्यांची बुरशी सोनं आणि आपली कचरा, असं का? या घराण्याचा इतिहास काय, आणि मोठ्या कंपनीने ते विकत घेतल्यावर काही बिघडलं का?

उत्तर लांब होईल, कारण या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि तिथपर्यंत जायला जरा फिरून जावं लागतं.

आधी हे सांगतो की बुरशी तीच आहे. नाव बोट्रायटिस सिनेरिया. तुमच्या घडांवर आली तीही बहुधा तीच, आणि दिकेमच्या मळ्यात ऑक्टोबरभर जिची पावसासारखी वाट पाहतात तीही तीच. फरक तीन गोष्टींनी पडतो: ती कधी येते, कसल्या मण्यावर येते आणि ती आल्यानंतर दुपारी हवा कशी असते.

मी नाशिक भागातल्या वायनऱ्यांमध्ये वीस-बावीस वर्षं काम करतोय. त्यातले दोन हंगाम सोतेर्नला, म्हणजे दिकेमच्याच टापूत, एका लहान मळ्यावर तोडणीला होतो. तिथल्या पहिल्याच सकाळी मळ्याच्या वयस्कर मालकाने एक घड तोडून माझ्या तळहातावर ठेवला. आपल्याकडे तो घड बघून मुकादमाने कपाळावर हात मारला असता. वरच्या खांद्याचे मणी पिवळेधमक, त्यांवर तपकिरी ठिपके, केळं पिकल्यावर सालीवर येतात तसे. मधले मणी फुगलेले, पण रंग पार जांभळट चॉकलेटी, साल शाबूत. आणि खालच्या टोकाचे मणी सुरकुतून बेदाण्याएवढे झालेले, अंगावर राखेसारखी लव. त्याने त्या लव आलेल्या मण्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "रोती". म्हणजे भाजलेला. त्या मळ्यांमध्ये पूर्ण तयार मण्याला हाच शब्द आहे. तो मणी मी तोंडात टाकला. आधी काहीच नाही, जरा मातकट. मग एकदम मध, संत्र्याची साल, सुकं जर्दाळू, आणि मागून लिंबासारखा आंबटपणा. बोटं काकवीत बुडवल्यासारखी चिकट झाली होती, दुपारपर्यंत कात्री बोटांना चिकटत होती.

आता ते होतं कसं ते बघा. बुरशी मण्याच्या सालीला सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं पाडते. मणी फुटत नाही, पण आतलं पाणी त्या छिद्रांतून उडून जायला लागतं. राहतात साखर, आम्ल आणि वास. शिवाय बुरशी स्वतःही आत बदल करते. थोडी साखर खाते, टार्टरिक आम्ल खाते, ग्लिसरॉल तयार करते, आणि मध-केशर-मेथीच्या दिशेने जाणारे नवे सुगंधी पदार्थ निर्माण करते. म्हणून हा मणी नुसत्या बेदाण्यासारखा नसतो. द्राक्ष उन्हात वाळवून गोडी वाढवता येते, पण हा वास तसा येत नाही.

पण हे सगळं घडायला अट आहे. मणी पूर्ण पिकलेला हवा, साल धड हवी, आणि सकाळी दमट असलेली हवा दुपारी कोरडी व्हायला हवी. दमटपणा दिवसभर राहिला तर छिद्रांतून पाणी उडत नाही, मणी फुटतो, मग मागोमाग दुसरे जंतू घुसतात आणि व्हिनेगरचा वास सुटतो. आपल्याकडे अवकाळीनंतर नेमकं हेच होतं. ढग दोन-तीन दिवस हटत नाहीत, मणी अजून अर्धवट पिकलेले असतात आणि पावसाच्या माऱ्याने साल आधीच तडकलेली असते.

सोतेर्नला निसर्गानेच ती व्यवस्था लावून दिली आहे. बोर्डो शहराच्या आग्नेयेला सुमारे 40 किलोमीटरवर हा टापू आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावं. तिथे सिरों नावाची एक छोटी नदी लांदच्या पाइनच्या जंगलातून, झाडांच्या सावलीतून वाहत येते. तिचं पाणी थंड. ती मोठ्या, कोमट गारोन नदीला मिळते. शरद ऋतूतल्या रात्री थंड पाणी आणि कोमट पाणी जिथे भेटतं तिथून धुकं उठतं आणि मळ्यांवर पसरतं. सकाळी नऊला तुम्हाला शेजारची ओळ दिसत नाही. अकरा-बाराला ऊन पडतं, वारा सुटतो आणि दुपारी पानं वाजायला लागतात इतकी कोरडी होतात. रोज सकाळी बुरशीला पाणी, रोज दुपारी मण्याला ऊन. हे चक्र आठवडाभर चाललं की घड भाजला.

दिकेम या सगळ्याच्या वर, टापूतल्या सगळ्यात उंच टेकड्यांपैकी एकीवर आहे. उंच म्हणजे आपल्या मानाने काहीच नाही, समुद्रसपाटीपासून 75-80 मीटर. पण त्यामुळे वारा आधी तिथे लागतो. वरची माती गारगोट्यांची, ती दिवसभर तापते. खाली चिकणमाती, ती पाणी धरते. पाणी धरते म्हणजे मुळं कुजायचीही भीती. म्हणून 19व्या शतकात या मळ्याखाली सुमारे 100 किलोमीटर लांबीचे भाजक्या मातीचे नळ पुरले गेले, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. द्राक्षबागायतदाराला या आकड्याचं मोल कळेल. आपण बागेत चर खोदून दमतो. तिथे जमिनीखाली नाशिकहून संगमनेरच्याही पुढे जाईल तेवढी नळवाहिनी आहे आणि ती वरून कुणाला दिसत नाही.

मळा 113 हेक्टरचा, त्यातलं सुमारे 100 हेक्टर उत्पादनात. दरवर्षी दोन-तीन हेक्टर वेली उपटतात, जमीन पडीक ठेवून विसावा देतात, मग नवी लागवड. द्राक्षाच्या जाती दोन: साधारण तीन-चतुर्थांश सेमियों, बाकी सोव्हिन्यों ब्लां. सेमियोंची साल पातळ, बुरशीला ती आवडते आणि वाइनला अंग तीच देते. सोव्हिन्यों ताजेपणा आणि वास देते.

आता तोडणी. माझ्या मते दिकेमचा खरा स्वभाव इथे दिसतो. आपण बाग एकदा तोडतो, फार तर दोनदा. तिथे टोळी एकाच मळ्यातून पुन्हा पुन्हा फिरते. या फेरीला ते 'त्री' म्हणतात, म्हणजे निवड. साधारण पाच-सहा फेऱ्या होतात. सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालेलं काम नोव्हेंबरपर्यंत लांबतं, कधी त्याहून पुढे. प्रत्येक फेरीत फक्त भाजलेले मणी घ्यायचे, जे तयार नाहीत ते वेलीवर ठेवायचे, आणि जे बिघडले ते कापून जमिनीवर टाकायचे. घडातला एक खांदा आज, दुसरा पुढच्या आठवड्यात.

निर्यातीच्या बागेत आपल्या बायका विरळणी करतात ते डोळ्यांपुढे आणा. बारीक टोकाची कात्री, एका हातात घड, आणि मण्यामण्याने निर्णय. तोच हात, तेच डोळे. फक्त आपल्याकडे हे काम मणी मोठा व्हावा म्हणून एप्रिल-मेच्या छाटणीनंतर नव्हे तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या घडावर होतं, आणि तिथे ते शेवटाला, तोडणीच्या दिवशी होतं. मी तिथे पहिल्या आठवड्यात फार चुका केल्या, पण ज्या बायकांना मी लहानपणी आमच्या बागेत विरळणी करताना पाहिलं होतं, त्या पहिल्याच दिवशी उत्तम तोडणीदार ठरल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

एवढं करून हाती काय लागतं? सरासरी हेक्टरी सुमारे 9 हेक्टोलिटर, म्हणजे 900 लिटर. एकरी काढा, 360 लिटर. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाची बाग एकरी चार-पाच टन देते आणि त्यातून अडीच-तीन हजार लिटर वाइन होते. बोर्डोच्या चांगल्या लाल वाइनच्या मळ्यात एका वेलीमागे पाऊण-एक बाटली धरतात. दिकेममध्ये एका वेलीमागे एक पेला. "महाग का?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका पेल्यात आहे.

दाबण्याचं कामही उलटं. साध्या पांढऱ्या वाइनला पहिला, हलका दाब सगळ्यात चांगला मानतात. नंतरच्या रसात कडवटपणा उतरतो. इथे पहिल्या दाबाला कमी सुकलेल्या मण्यांचा रस येतो. चोथा फोडून पुन्हा दाबला की दुसरा, मग तिसरा, आणि जसजसं पुढे जावं तसा रस घट्ट आणि गोड होत जातो. साध्या पांढऱ्या वाइनसाठी आपण 20-22 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतो. इथल्या रसात इतकी साखर हवी की ती सगळी आंबली तर 20 टक्के अल्कोहोल होईल. ती सगळी आंबत नाही. यीस्ट 14 टक्क्यांच्या आसपास थकतं आणि थांबतं. उरलेली साखर, लिटरला साधारण 120 ते 150 ग्रॅम, वाइनमध्ये राहते. हे सगळं नव्या ओकच्या 225 लिटरच्या बॅरलमध्ये. पूर्वी वाइन तिथेच साडेतीन वर्षं राहायची, आता हा काळ बराच कमी केला आहे. बॅरलमधून जे उडून जातं ते आठवड्यातून दोनदा भरून काढायचं, दर तीन महिन्यांनी वाइन गाळावरून दुसऱ्या बॅरलमध्ये घ्यायची. शेवटी प्रत्येक बॅरलची चव घेऊन ठरवायचं की हिच्यावर दिकेमचं नाव जाणार की नाही.

न जाणाऱ्या वाइनचं पुढे काय होतं, हे महत्त्वाचं आहे. बोर्डोतली बहुतेक मोठी घराणी कमी प्रतीची वाइन 'दुसरी वाइन' म्हणून स्वतःच्याच छापाने विकतात. दिकेमने आपल्या गोड वाइनची अशी धाकटी पाती काढली नाही. जी उतरली नाही ती निनावी, व्यापाऱ्यांना घाऊक. 'इग्रेक' नावाची एक कोरडी वाइन 1959 पासून आहे, पण ती वेगळी चीज आहे.

इतिहासाकडे येतो. हा सगळा भाग आक्विटेनच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या अंमलाखालच्या मुलखात. एलिनॉर ऑफ आक्विटेनच्या लग्नामुळे 12व्या शतकात तो इंग्लंडच्या राजाकडे गेला आणि 1453 पर्यंत तिथेच राहिला. 1593 मध्ये जाक सोव्हाज नावाच्या स्थानिक माणसाला दिकेमची वहिवाट मिळाली. आपल्याकडच्या वतनासारखंच समजा. 1711 मध्ये या घराण्यातला लेओं द सोव्हाज पूर्ण मालक झाला. 1785 मध्ये घराण्यातली फ्रांस्वाज जोझेफिन हिचं लग्न काउंट लुई-आमेदे द ल्यूर-साल्यूस याच्याशी झालं. तो पंधराव्या लुईचा धर्मपुत्र. तीन वर्षांत घोड्यावरून पडून तो गेला. जोझेफिन तेव्हा जेमतेम वीस वर्षांची.

दिकेमच्या चार शतकांतलं मला सगळ्यात भावणारं माणूस हीच. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती. सरदार घराण्यातली विधवा, म्हणजे गिलोटिनच्या वाटेवरच. तिला दोनदा तुरुंगात टाकलं. ती सुटली, मळा वाचवला, आणि 1851 मध्ये मरेपर्यंत, साठ वर्षांहून जास्त काळ, तो सांभाळला. 1826 मध्ये तिने स्वतंत्र तळघर बांधून घेतलं, वाइन तिथेच मुरावी आणि आपल्या नजरेखाली राहावी म्हणून. तेव्हा मळेवाल्यांमध्ये असं करणारे फार थोडे होते. पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून निवडून तोडायची शिस्त तिच्याच काळात पक्की झाली. आजही तिथे तिला 'दिकेमची बाईसाहेब' म्हणावं अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

तिच्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट कागदोपत्री आहे. टॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला वकील होता. मे 1787 मध्ये तो बोर्डोला आला, आणि नंतर त्याने दिकेमच्या 1784 सालच्या 250 बाटल्या मागवल्या. पुढे अमेरिकेत परतल्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनसाठी 30 डझन आणि स्वतःसाठी 10 डझन मागवल्या. नव्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष ही वाइन पीत होता, हे त्या घराण्याला नक्कीच पुरून उरलं असेल.

इथे एक दंतकथा खोडून काढायला हवी, कारण ती मला नेहमी ऐकवली जाते. मालक 1847 मध्ये रशियाला गेला होता, परत येईपर्यंत तोडणी करू नका असं सांगून गेला, त्याला उशीर झाला, घड सडले, आणि नाइलाजाने केलेली वाइन अमृत निघाली. गोष्ट सांगायला छान आहे, पण खरी नाही. सोतेर्नमध्ये उशिरा, बुरशी आल्यावर तोडायची पद्धत 17व्या शतकातल्या कागदांतही दिसते. अपघाताने एखादं वर्ष साधतं, दोनशे वर्षं साधत नाहीत. खरं एवढंच की 1847 सालची वाइन अफाट होती. 1859 मध्ये झारच्या भावाने, ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइनने, त्या सालाच्या एका तोनोसाठी, म्हणजे 900 लिटरसाठी, 20,000 सोन्याचे फ्रँक मोजले. सगळ्या युरोपात त्याची चर्चा झाली.

1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून बोर्डोच्या दलालांनी मळ्यांची प्रतवारी केली. लाल वाइनमध्ये लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों यांना 'प्रमिए क्रू' म्हणजे पहिली प्रत मिळाली. गोड पांढऱ्यांमध्ये पहिली प्रत बऱ्याच जणांना मिळाली, पण त्यांच्याही वर 'प्रमिए क्रू सुपेरिअर' असा एक वर्ग केला आणि त्यात एकच नाव ठेवलं, दिकेम. ही प्रतवारी कुणा परीक्षकाच्या जिभेवरून झाली नव्हती. दलालांनी वर्षानुवर्षांचे बाजारभाव पाहिले होते. म्हणजे बाजाराने आधीच दिलेला निकाल कागदावर उतरला. तेव्हा जोझेफिनला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्यानंतरची वर्षं रोगाची. 1850 च्या दशकात भुरी आली, पुढे फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड, मग डाऊनी हा बुरशीचा रोग. यात आपला एक थेट धागा आहे. नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'बोर्डो' हे नाव आलं ते वाइनमुळे नव्हे, बोर्डो मिश्रणामुळे. मोरचूद आणि चुना. बोर्डोच्या विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांनी 1885 मध्ये ते जगापुढे मांडलं. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना धाक म्हणून हे मिश्रण मारत, आणि त्याच वेलींना डाऊनी लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आणि आज आपण डॉगरिज या खुंटावर कलम करतो तेही फायलोक्सेराच्या वेळी युरोपने अमेरिकन खुंट वापरायला सुरुवात केली, त्याच परंपरेतलं.

पहिल्या महायुद्धात वाड्यात लष्करी इस्पितळ होतं. युद्धानंतर मार्की बेर्त्रां द ल्यूर-साल्यूस याने पन्नास वर्षं कारभार पाहिला. 1968 मध्ये तो त्याचा पुतण्या अलेक्झांद्रकडे आला, तेव्हा गोड वाइनला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. जगाची चव कोरड्याकडे वळली होती. शेजारचे कित्येक मळे स्वस्तात भरपूर काढायला लागले, काहींनी लाल वेली लावल्या.

अशा काळात दिकेमने काय केलं ते पाहा. 1972 मध्ये 71 दिवस तोडणी चालली, अकरा फेऱ्या झाल्या, आणि शेवटी त्या वर्षी दिकेमच्या नावाने एकही बाटली निघाली नाही. 1974 मध्ये पुन्हा तेच. 20व्या शतकात अशी नऊ वर्षं आहेत: 1910, 1915, 1930, 1951, 1952, 1964, 1972, 1974 आणि 1992. वर्षभराची मशागत, मजुरी, फवारण्या, बॅरल, सगळं झालेलं. मग वाइन चाखून मालकाने म्हणायचं, नाही. आणि हे पैसा हाती नसतानाच्या दशकात दोनदा. मी स्वतः मालकाच्या खुर्चीत नाही, पण टँक नाकारायची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि ते लिहिताना हात कसा जड होतो ते मला माहीत आहे. माझ्या लेखी दिकेमची थोरवी झारच्या भावाच्या सोन्यापेक्षा या नऊ सालांमध्ये जास्त आहे.

म्हणूनच मालकी बदलली तेव्हा धास्ती वाटली. हिस्सेदार वाढले, घरात तट पडले, आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात पडतात तसे. 1996 च्या अखेरीस अलेक्झांद्रच्या थोरल्या भावाने आणि इतर नातलगांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीला विकले, आणि निम्म्याहून जास्त वाटा तिकडे गेला. अलेक्झांद्र कोर्टात गेला. 1999 मध्ये तडजोड झाली, कंपनीचा ताबा आला, तो मात्र कारभारी म्हणून 2004 पर्यंत राहिला. 400 वर्षांची वहिवाट तिथे संपली. तो नंतर फार्गच्या मळ्यावर गेला. तो मळा ल्यूर-साल्यूस घराण्याकडे 1472 पासून आहे. तिथेही त्याने सोतेर्नची गोड वाइनच केली. 2023 मध्ये तो वारला.

नवा कारभारी पिएर ल्यूर्तों आला. तोच बोर्डोतला शेव्हाल ब्लां हा दुसरा नामांकित मळाही पाहत होता. वाइन थोडी बदलली हे खरं. बॅरलमधला काळ कमी झाला, ताजेपणा वाढला, तरुणपणीच प्यायला सोपी झाली. जुन्या चवीच्या लोकांना ते खटकतं. मला खटकत नाही, कारण ओकचा वास कमी झाल्याने फळाचा वास पुढे आला आहे. पण माझ्यासाठी खरी परीक्षा दुसरीच होती: शेअरबाजारात नाव असलेली कंपनी एखादं वर्ष सोडून देईल का? 2012 हे पावसाने बिघडलेलं वर्ष आलं आणि दिकेमने ते सोडलं. त्या दिवशी माझी धास्ती गेली. याच एलव्हीएमएचच्या मद्य विभागाने 2013 मध्ये तुमच्याच दिंडोरी तालुक्यात शांदों नावाने फसफसती वाइन करायला सुरुवात केली, हे तुम्हाला माहीत असेलच.

चवीबद्दल थोडं. दिकेम मी आयुष्यात तीनदा चाखली आहे, दरवेळी अंगठ्याच्या उंचीएवढी. तरुण असते तेव्हा फिकट सोन्याच्या रंगाची, तीस-चाळीस वर्षांनी कोऱ्या चहासारखी. लोक गोडी ऐकून सरबताची कल्पना करतात. खरं तर ती मोरावळ्याच्या जातीची आहे. मोरावळ्यात पाक कितीही असो, आवळ्याचा आंबटपणा मधोमध उभा असतो आणि म्हणून तोंडाला मिठी बसत नाही. तसंच इथे. जर्दाळू, केशर, संत्र्याची साल, मध, जरा सुंठ. गिळल्यानंतर मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो. दीड मिनिट झालं तरी जिभेवर होती. चांगल्या सालाची बाटली शंभर वर्षंही टिकते. 1811 सालची एक बाटली 2011 मध्ये 75,000 पौंडांना विकली गेली. तेव्हा तो पांढऱ्या वाइनचा विक्रम होता.

कधी संधी मिळाली तर अर्धी बाटली चार-पाच जणांत घ्या, थंड करा पण बर्फगार नको. आणि पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर देऊ नका. वाइनपेक्षा गोड पदार्थ शेजारी आला की वाइन आंबट आणि पातळ लागते. खारट, जुनं निळं चीज किंवा नुसतीच.

आता तुमचे दोन एकर. सोतेर्नसारखी बुरशी आपल्याकडे मुद्दाम आणायचा विचार करू नका. आपली तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा हवा चांगली असेल तर इतकी कोरडी असते की बुरशी येतच नाही, आणि हवा बिघडली तर इतकी ओली की ती थांबत नाही. मधला रस्ता आपल्याकडे नाही. आपल्याकडे साधणारी गोष्ट म्हणजे उशिरा तोडणी. शेनिनचे घड वेलीवरच जास्त दिवस ठेवून पाणी उडू द्यायचं. नाशिकमध्ये अशी गोड वाइन होते आणि चांगली होते. शेनिनचं आम्ल टिकतं, म्हणून गोडी अंगावर येत नाही.

पुढच्या हंगामात करायचंच असेल तर वायनरीशी छाटणीआधी बोला, तोडणीनंतर नको. चार ओळी वेगळ्या ठेवा. पाणी हळूहळू तोडा. घडाच्या आतल्या बाजूला बोट घालून मणी तपासा, कारण कुज तिथून सुरू होते आणि बाहेरून घड सुंदर दिसत असतो. आणि वास घ्या. मातीचा, मशरूमसारखा वास आला तर मणी कापून बाकीचा घड वाचवता येतो. व्हिनेगरचा वास आला तर अख्खा घड काढा, क्रेटमध्येही टाकू नका, बागेबाहेर नेऊन पुरा. असा एक घड सोबत गेला तर सगळी क्रेट जाते. यंदा तुमचा माल परत आला त्याचं कारण मला यातच दिसतं: सगळं एकत्र तोडलं गेलं आणि निवड वायनरीच्या दारात झाली. ती वेलीखाली उभं राहून करायची असते.